गोगलगायीच्या औषधाचं खरं बिल किती?

पत्र थोडक्यात असं: लातूर जिल्ह्यातली एक वाचक, वय ३४. नवरा पुण्याला कंपनीत, गावाकडची चार एकर जमीन सासरे आणि ती मिळून बघतात. २०२२ च्या पावसाळ्यात शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन रातोरात साफ केलं, दुबार पेरणी केली तर तीही अर्धी गेली. यंदा मिरगाचा पाऊस पडला की अख्ख्या चार एकरात विषारी पेलेट (गोगलगाय मारायचे दाणे) फेकायचे असं सासऱ्यांनी ठरवलंय. तिचा विरोध आहे, कारण गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वावरात असेच पेलेट टाकले होते आणि त्या घरचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत तडफडून मेला. यांच्या घरी वाघ्या आहे, आठ-दहा कोंबड्या आहेत, बांधालगत विहीर आहे आणि तिचंच पाणी घरात येतं. सासरे म्हणतात, "पाखराचा अन् किड्याचा भाव सांग, मी बिलातून वजा करतो." नवरा म्हणतो आधी पीक वाचवा, पर्यावरणाचं नंतर बघू, शिवाय त्याने एक रील पाहिलंय, परदेशात गोगलगाय खाणारी दुसरी गोगलगाय सोडतात म्हणे, तशी मागवता येईल का. ती विचारते: "मी पहाटे दोन तास अन् संध्याकाळी दोन तास हाताने वेचते, पेरणीनंतर पहिले वीस दिवस तरी. त्याला काही खर्च नाही. पण मामांना निसर्गाची किंमत कशी पटवून देऊ? का मीच भाबडी आहे?"

अगं, भाबडी अजिबात नाहीस. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा अडखळले. "त्याला काही खर्च नाही." आपण तिथूनच सुरुवात करू, मामांचं नंतर बघू.

चार तास रोज, वीस दिवस. ऐंशी तास झाले. आठ तासांचा रोज धरला तर दहा रोज. तुमच्या गावात बाईला निंदणीचा जो रोज मिळतो त्याला दहाने गुण आणि तो आकडा एका कागदावर लिही. शिवाय हे काम पहाटेच्या अंधारात, ओणवं राहून, चिखलात, विंचू-सापाच्या दिवसांत, आणि त्यानंतर घरचा स्वयंपाक आहेच. मामा म्हणतात पाखराचा भाव काय, आणि तू म्हणतेस वेचण्याला खर्च काय. दोघांच्या बोलण्यात चूक एकच आहे बघ, दुकानाच्या बिलावर जे छापून येत नाही ते दोघांनीही शून्य धरलंय. मामांनी पाखरू शून्य धरलं, तू स्वतःला. मग हिशोब बरोबर कसा यायचा?

मामांवर रागावू नकोस, हेही आधीच सांगते. २०२२ चा जुलै मला चांगला आठवतो, लातूर, बीड, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) तिन्हीकडे तेच चालू होतं, सोयाबीन दोन पानांवर आलं की सकाळी ओळच्या ओळ गायब. सरकारला गोगलगायींच्या नुकसानीसाठी वेगळी मदत जाहीर करावी लागली, एरवी गारपीट, अतिवृष्टी असल्याशिवाय अशी मदत कुठे मिळते? ज्या माणसाने दोनदा बियाणं विकत घेऊन मातीत घातलं आणि दोनदा गोगलगायीला खाऊ घातलं त्याला "पक्ष्यांचा विचार करा" म्हटलं की तो भडकणारच. त्यांची भीती खरी आहे. ती खोटी पाडायला गेलीस तर पहिल्याच वाक्याला हरशील.

आता तुझ्या बाजूचं एक गृहीतक जरा हलवून बघते, राग मानू नको. तुझ्या पत्रात दोनच बाजू आहेत, पेलेट टाकलं की निसर्गाचं नुकसान आणि नाही टाकलं की निसर्ग सुखी. असं नाहीये गं. ही गोगलगाय इथली नाहीच. मूळची पूर्व आफ्रिकेची, १८४७ साली बेन्सन नावाच्या एका शंख-शिंपल्यांच्या इंग्रज अभ्यासकाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणून बागेत सोडली आणि तिथून ती पसरत पसरत आली. एकेका खेपेला शंभर ते चारशे अंडी घालते, वर्षात अशा खेपा अनेक. नर-मादी वेगळं नसतं, प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते. पाचेक वर्षं जगते. तिला मोकळं सोडलं की ती सोयाबीन तर खातेच, भाजीपाला खाते, पपईची, झेंडूची रोपं खाते, आणि आपल्या मातीतल्या छोट्या देशी गोगलगायींचं खाणं आणि जागाही बळकावते. म्हणजे काहीच न करणं हाही एक निर्णय आहे आणि त्याचंही बिल निसर्गाच्या नावावरच फाटतं. म्हणून कागदावर "काहीच करायचं नाही" हा रकाना पण काढ आणि त्यातही आकडे भर, नाहीतर मामा म्हणतील सूनबाईचा हिशोब एकतर्फी आहे, आणि ते बरोबर म्हणतील.

आणि देशी गोगलगायी म्हणजे कुणीतरी बिनमहत्त्वाचं असं समजू नकोस. आपल्या सह्याद्रीत अशा जाती आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, २०२१ मध्ये आंबोलीतून एक अर्धवट शंखाची नवीनच गोगलगाय नोंदली गेली, तिचं नावच आंबोलीवरून ठेवलंय. तुमच्याकडे लातूरला बांधाच्या दगडाखाली नखाएवढ्या ज्या दिसतात त्या वेगळ्या, पण मुद्दा तोच, पेलेटला शंखी कोण आणि देशी कोण कळत नाही. ज्या गोगलगायीने खाल्लं ती मेली.

आता नवऱ्याच्या रीलबद्दल, कारण यात सगळ्यात मोठा धडा आहे आणि तो मी कधी विसरत नाही. हो, सोडतात, म्हणजे सोडली होती. याच शंखी गोगलगायीला खायला म्हणून अमेरिकेकडची एक शिकारी गोगलगाय १९५५ मध्ये हवाई बेटांवर आणली, १९७७ मध्ये पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटावर. कागदावर आयडिया झकास होती. विष नाही, मजुरी नाही, निसर्गच निसर्गाला खाणार. पण त्या शिकारीने मोठ्या शंखीच्या मागे कशाला लागायचं, तिला तिथल्या छोट्या, झाडांवर राहणाऱ्या पार्टुला गोगलगायी सोप्या सापडल्या. मोरेआवर पार्टुलाच्या सात जाती होत्या. दहा वर्षांच्या आत रानातून सातही जवळपास संपल्या. त्या बेटांवरच्या बायका पार्टुलाच्या शंखांचे हार करून विकायच्या, तेही गेलं. मोजक्या काही गोगलगायी माणसांनी आधीच उचलून प्राणिसंग्रहालयात नेल्या होत्या म्हणून काही जातींचा वंश तरी उरला, लंडनसारख्या ठिकाणी डब्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या आणि २०१५ पासून आता थोड्या थोड्या परत सोडतायत. आणि शंखी गोगलगाय? ती आहेच.

तेव्हा नवऱ्याला प्रेमाने सांग, ती मागवायची नाही, परदेशी जीव असा परस्पर आणून सोडणं कायद्यातही बसत नाही. पण या गोष्टीतून हिशोबाचा एक नियम घे. जे नुकसान भरून येतं आणि जे कधीच भरून येत नाही ते एका तराजूत टाकायचं नाही. सोयाबीन बुडालं तर वर्ष वाईट जातं, कर्ज होतं, मी ते हलकं म्हणत नाहीये, पण पुढच्या मिरगाला परत पेरता येतं. विहिरीत विष उतरलं, वाघ्या गेला, एखादी जात संपली, तर पुढचा मिरग काही आणून देत नाही. ज्यात शंका आहे आणि चुकलो तर परत फिरता येणार नाही, असं पाऊल सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात लहान टाकायचं.

बरं, पेलेटकडे येऊ. त्या दाण्यांत बहुतेक वेळा मेटाल्डिहाइड असतं, आपल्याकडे अडीच टक्क्यांचं मिळतं आणि शिफारस एकरी दोन किलोची आहे. तुमच्या चार एकराला आठ किलो. दुकानदार तेवढंच बिल करतो. आता त्या बिलात काय नाही ते बघ. ते दाणे धान्याच्या कोंड्यात बनवलेले असतात, म्हणून गोगलगायीला वास येतो तसा कुत्र्यालाही येतो आणि त्याला ते खाण्याचंच वाटतं. तुझ्या शेजारच्या कुत्र्याचं जे तू लिहिलंस, आधी थरथर, मग अंग तापलं, मग झटके, ते अगदी तसंच होतं या विषाने. यावर ठरावीक उतारा नाही, डॉक्टर लक्षणं बघून इलाज करतात आणि वेळ फार थोडा असतो. (कधी वेळ आलीच तर घरगुती ताक-दूध पाजत बसू नका, पाकीट सोबत घेऊन थेट जनावरांच्या डॉक्टरकडे पळा.)

दुसरं, पाऊस. हे विष गोगलगायीच्या अंगातला चिकट द्रव घालवून तिला सुकवतं. मस्त ऊन पडलं तर काम करतं. पण तुम्ही टाकणार कधी, तर मिरगाचा पाऊस पडला की, तेव्हाच गोगलगायी बाहेर येतात. ओल असली, ढग असले की अर्धमेली गोगलगाय अंगात पाणी भरून परत चालू लागते आणि पावसाने दाणे विरघळून जातात. विरघळून जातात कुठे? पाण्यासोबत. हे द्रव्य मातीत फारसं अडकत नाही, पाण्याबरोबर पुढे जातं, आणि पिण्याच्या पाण्यातून काढायला फार अवघड. इंग्लंडमध्ये नेमकी हीच डोकेदुखी झाली होती, शिवाय पक्षी आणि छोटे प्राणी मरण्याचा धोका, म्हणून त्यांनी मार्च २०२२ अखेरपासून मेटाल्डिहाइडचा उघड्यावर वापरच बंद केला. तारीख बघ. त्यांनी मार्चमध्ये बंद केलं आणि आपण जुलैमध्ये कृषी सेवा केंद्रासमोर त्यासाठी रांगा लावत होतो. त्यात आपल्या शेतकऱ्याची चूक मी म्हणत नाही, हातात दुसरं काही दिलंच नव्हतं कुणी. पण तुमची विहीर बांधालगत आहे आणि घरात तेच पाणी येतं, हे मामांना पाखराच्या भावापेक्षा लवकर कळेल. नातवंडं तेच पाणी पितात ना?

तिसरं, मेलेल्या गोगलगायी. त्या कोण उचलणार? भारद्वाज उचलतो, कावळे उचलतात, कोंबड्या टोचतात. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात आपल्याकडे, मला तर वाटतं त्यात जुन्या लोकांचं निरीक्षणही असावं, कारण गोगलगायी फोडून खाणारा तो बांधावरचा बिनपगारी गडी आहे. काजव्याचंही तसंच, आपण त्याचा नुसता उजेड बघतो, पण त्याची अळी गोगलगायींवरच जगते. विष आणि विषारी शिकार दोन्ही या मंडळींच्या वाटेत टाकली की पुढच्या वर्षी गोगलगायी खाणारे कमी आणि गोगलगायी तेवढ्याच, मग पुढच्या वर्षी आठ किलोचे दहा किलो लागणार. मामा विचारतात ना पाखराचा भाव? पाखरू नसल्यावर जे जास्तीचे दोन किलो आणावे लागतील, तो धरा किमान.

मात्र यात एक सावधगिरी. प्रत्येक गोष्ट रुपयात बसवायच्या मागे लागू नकोस. वाघ्याचा भाव काय लावणार? नवीन पिल्लू फुकट मिळतं गावात, मग काय वाघ्या शून्य? असं पैशात मोजायला गेलं की उलट मामांच्याच म्हणण्याला जोर येतो. मी काय करते सांगू, आधी लक्ष्मणरेषा आखते. आमच्या घरी कुठल्याही परिस्थितीत काय जाऊ द्यायचं नाही ते आधी ठरवायचं, विहिरीचं पाणी, लेकरं, जनावरं. तिथे रुपयाची बोलणीच नाहीत. आणि रेषेच्या आत जे जे उपाय उरतात त्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा निवडायचा, तिथे मामांचा अनुभव वापरायचा, ते तुझ्यापेक्षा हुशार आहेत त्यात. अशी मांडणी केलीस तर तुम्ही दोघं एका बाजूला येता. तूही "विष म्हणजे पाप" एवढ्यावर अडून राहू नकोस, कारण मग दुबार पेरणीची वेळ आली की तुझं काहीच ऐकलं जाणार नाही आणि घाबरून चारही एकरात पेलेट फेकतील.

अजून एक गृहीतक, हे तुमच्या घरात सगळ्यांचंच आहे, की एकदा जोरात मारलं की विषय संपला. संपत नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या मायामी भागात २०११ मध्ये ही गोगलगाय सापडली, सरकारने पैसा ओतला, माणसं लावली, वास घेणारी कुत्री शिकवून आणली, सुमारे १ लाख ६८ हजार गोगलगायी पकडल्या आणि २०२१ मध्ये जाहीर केलं की संपली. पुढच्याच वर्षी त्याच राज्यात दुसऱ्या ठिकाणी परत निघाली. इतकं करून ही गत, आणि आपल्याकडे ती पावणेदोनशे वर्षं राहतेय. त्यामुळे "संपवायची" हे ध्येय सोडून द्या. तुम्हाला सोयाबीनचे पहिले तीन आठवडे वाचवायचेत, बस. कोवळी दोन-चार पानांची रोपं ती कुरतडून टाकते, पण खोड जरा निबर झालं की तिचा तसा जोर चालत नाही. ध्येय एवढं लहान केलं की उपायही लहान पुरतो. चार एकरात फेकण्याची गरज मुळात "संपवायची" या हट्टातून आलेली आहे.

मग करायचं काय ते सांगते.

पहिलं काम पावसाच्या आधी, आत्ता, उन्हाळ्यात. या दिवसांत ती झोपलेली असते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मेलेलाच शंख वाटला होता, बांधाच्या कडेचा दगड उलथला तर खाली सात-आठ शंख तोंड वर करून, आणि प्रत्येकाच्या तोंडावर वाळलेल्या दुधाच्या सायीसारखा पांढरा पडदा. नख लावलं तर टरकन फाटला आणि आत ओलं अंग आकसलं. अशी ती महिनोन्‌महिने पडून राहते आणि पहिल्या पावसाला पडदा फोडून बाहेर. म्हणजे जूनमध्ये अख्ख्या रानात जी शोधायची ती एप्रिल-मेमध्ये एका जागी गठ्ठ्याने सापडते. दगडाचे ढीग, जुन्या काड्या-कडब्याच्या गंजीचा तळ, उकिरड्याची कड, पाइपलाइनचे चर, विहिरीचा कठडा, कोरडं मेहनतीचं काम आहे पण पावसातल्या वेचण्यापेक्षा दहापट सोपं. पुढे पावसाळ्यात बांध फावड्याने थोडा उकरला तर अंडीही दिसतात, साबुदाणा सांडल्यासारखा पिवळट पुंजका, मातीत दोन-तीन बोटं खोल. ती उन्हात उघडी टाकली की वाळून जातात. हे काम मामांना दे. खरंच दे. त्यांना कुठे काय आहे ते माहितीय आणि त्यांना काहीतरी "मारल्याचं" समाधानही पाहिजे आहे, ते इथे मिळेल.

दुसरं, पाऊस पडला की शेतभर फिरून वेचू नकोस, तिलाच एका जागी बोलाव. जुना बारदाना गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधालगत आणि शेतात थोड्या थोड्या अंतरावर टाकायचा, किंवा उपटलेल्या तणाचे ओले ढीग, पपईची पानं असतील तर फारच उत्तम. पहाटे उन्हं यायच्या आत बारदाना उचलायचा, खालच्या बाजूला चिकटलेल्या असतात, कधी वीस, कधी पंचवीस, एकमेकींवर चढलेल्या, खरवडून बादलीत टाकायच्या. तुझे चार तास निम्म्यावर येतात. हातमोजे घाल, निदान प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांध, कारण या गोगलगायीत उंदरांच्या फुप्फुसातल्या एका जंताच्या अळ्या असू शकतात आणि त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते, केरळात अशा रुग्णांच्या नोंदी आहेत. लेकरांना खेळायला शंख देऊ नका, हात साबणाने धुवा, बांधावरची कच्ची कोथिंबीर-पालक नीट धुवूनच खा.

बादलीत साबणाचं किंवा मिठाचं पाणी. पण मीठ बादलीतच, शेतात मिठाची रेघ ओढणारे महाभाग आहेत, जमीन खारवून टाकतात आणि वर म्हणतात घरगुती उपाय. घरगुती किंवा सेंद्रिय म्हटलं म्हणजे निर्धोक असं काही नसतं बरं, मोरचूद-तंबाखूचं पाणी पण सारखं सारखं मारलं तर मोरचुदातलं तांबं मातीत साठत जातं आणि गांडुळांना मारक ठरतं. राखेचा किंवा चुन्याचा चार बोटं पट्टा फक्त बांधावर ओढा, पाऊस झाला की परत ओढावा लागेल. मेलेल्या गोगलगायी खड्ड्यात टाकून वर चुना आणि माती. ओढ्यात, रस्त्याकडेला फेकायच्या नाहीत, त्यातल्या निम्म्या चालत परत येतात.

तिसरं, पेलेट. हो, मी पेलेट अगदी वर्ज्य म्हणत नाही. बारदान्याखाली रोजचा आकडा वाढतच चालला, ओळी खाल्ल्या जाताना दिसायला लागल्या तर वापरा, पण फेकून नाही. चार इंची पाइपाचे फूटभर तुकडे करा, मधोमध चिमूटभर दाणे ठेवा आणि बांधाच्या कडेने, विहिरीपासून लांबच्या बाजूला ठेवून द्या. वाघ्याचं तोंड मधपर्यंत सहसा पोचत नाही, कोंबडी सहसा आत शिरत नाही, पाऊस थेट लागत नाही म्हणून दाणे टिकतातही. दाणे ठेवलेले असतील तोवर वाघ्या बांधून, कोंबड्या डालग्यात, आणि मेलेल्या गोगलगायी रोज सकाळी उचलायच्याच. आठ किलोच्या जागी एखाद-दोन किलोत भागेल असा माझा अंदाज आहे, मामांना हे गणित नक्की आवडेल. तीन आठवडे झाले की उरलेले दाणे काढून घ्या. दुकानात आयर्न फॉस्फेटचे दाणे मिळतात का तेही विचारून बघ, त्याचा कुत्र्या-पाखरांना धोका बराच कमी, पण नोंदणी असलेलं पाकीट असेल तरच घ्यायचं, सुट्टं नाही.

आणि एका गोष्टीला मात्र सरळ नाही म्हणायचं. गावात कोंडा, गूळ आणि मिथोमिल कालवून आमिष करायची जुनी पद्धत अजून सांगितली जाते. मिथोमिलवर २०२३ मध्ये देशात बंदी आलीय, जुना साठा कुणाकडे असेल तरी नको. गुळाचा गोड घास आहे तो, शेळी खाईल, वासरू खाईल, एखादं लेकरू तोंडात घालेल. हे लक्ष्मणरेषेच्या बाहेरचं.

आता शेवटची आणि कदाचित सगळ्यात अवघड गोष्ट. तुम्ही चार एकर चकाचक केलं आणि शेजारच्या पडीक रानात, कॅनॉलच्या कडेला, शाळेच्या मागे गोगलगायी तशाच राहिल्या, तर दोन पावसांत परत तुमच्याकडे. शेजाऱ्याने पेलेट फेकले तरी वाघ्याला बांध कुठे कळतो? म्हणजे तुमचं बिल अर्धं शेजारी फाडतो आणि त्याचं अर्धं तुम्ही. म्हणून कृषी सहायकाला गाठून पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या तीन-चार संध्याकाळी अख्ख्या शिवाराने एकदम वेचायचं असं ठरवता येतं का बघा, बचत गटातून विषय काढलास तर लवकर हलेल, कारण वेचणाऱ्या सगळ्या तुझ्यासारख्याच बाया आहेत. आणि गटाने वेचलं तर त्याची मजुरी धरून वेचा. ग्रामपंचायतीने द्यावी, शेतकऱ्यांनी एकरी थोडी वर्गणी काढावी, काहीही, पण फुकट नाही. बायांची मेहनत फुकट धरली तर पेलेटची किंमत कायम जास्तच दिसणार आणि थकून एक दिवस तूच म्हणशील, जाऊ दे, टाका काय टाकायचं ते. शेणखताची ट्रॉली, बाहेरून आणलेली रोपं, भाड्याच्या ट्रॅक्टरच्या चाकाचा चिखल, यातून ती गावात नव्याने येते तेही गटात बोला.

मामांशी बोलताना "पर्यावरण" हा शब्द वापरू नकोस. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आडव्या रेघा मारून चार उपाय लिही, काहीच नाही, सगळीकडे पेलेट, नुसतं वेचणं, आणि हे मिळून-मिसळून. प्रत्येकासमोर आधी दुकानाचं बिल, मग घरच्यांचे रोज, मग विहीर-वाघ्या-कोंबड्या-भारद्वाज, मग पुढच्या वर्षी परत किती करावं लागेल. जिथे आकडा येत नाही तिथे शून्य लिहायचं नाही, जे आहे ते शब्दात लिहायचं. आणि पेन मामांच्या हातात दे, तू फक्त विचारत जा. त्यांनी २०२२ मध्ये दोनदा पेरलंय, आकडे त्यांना तोंडपाठ असतील.

नवरा जूनमध्ये चार दिवस रजा काढू शकतो का, तेही विचार त्याला. फोनवरून पेलेट सांगण्यापेक्षा पहाटे बारदाना उचलायला एक माणूस जास्त कामाचा.

आणि बारदाना आत्ताच जमवून ठेव गं, एकरी दहा-बारा तरी. पाऊस पडल्यावर गावात कुणाकडेच मिळत नाही.